रेसवरची पट्टी

आमच्या गाडीच्या रेसच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या, पायडलला कुणीतरी लोखंडाची पट्टी जोडली आहे, हे घरात सगळ्यांत आधी मला दिसलं. रविवारी गाडी आतून पुसायचं काम माझं होतं. गाडी जुनी, पांढरी, गोल पाठीची. बाबांना ती इतकी जपावीशी वाटे की ड्रायव्हरनं पुसलेली त्यांना पसंत नसे. मी ओल्या फडक्यानं पायाखालची जागा पुसत होते आणि बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. वाकून पाहिलं. रेसच्या पायडलच्या डाव्या कडेला दोन बोटं रुंद पट्टी वेल्डिंग करून लावलेली. ती ब्रेककडं वळवलेली होती आणि ब्रेकपेक्षा जराशी खाली होती. कडा कानशीनं घासून घेतलेल्या. ज्यानं कुणी केलं त्यानं घाईघाईत केलं नव्हतं.

आम्ही तेव्हा लकडगंजात राहत होतो. सकाळी सात वाजल्यापासून आरागिरण्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि दुपारपर्यंत सागवानाच्या भुशाचा वास थेट ताटात यायचा. आजोबांपर्यंत आमच्या घरात माग होता. बाबांनी तो विकला आणि इतवारीत लुगड्यांचं, साड्यांचं ठोक दुकान टाकलं. बाबांना संशयी म्हणणं तसं सोपं आहे, पण त्यांच्या कामानंच त्यांना तसं केलं होतं. साडी हातात आली की ते आधी तिची उलटी बाजू बघत, काठ अंगठ्यात आणि बोटात घेऊन चोळत, मग उजेडासमोर धरत. माणसांशीही ते असंच वागत. पाहुण्यानं घरी येऊन बरं बोललं तरी तो गेल्यावर ते विचारत, "आज काहून आला होता गा हा?" मी त्यांचीच मुलगी. पंधरा वर्षांची होते, आणि उलटी बाजू पाहिल्याशिवाय मलाही चैन पडत नसे.

त्या रविवारी घरात मटण होतं. आई पाट्यावर काळा मसाला वाटत होती. दगडावर दगडाचा तो एकसुरी आवाज, मध्येच थांबून पाण्याचा शिपका, पुन्हा आवाज. बाबा पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. मी फडकं पिळता पिळता सांगून टाकलं, "बाबा, रेसच्या पायडलले कोणीतरी पट्टी जोडली." बाबांनी पेपर खाली ठेवला. वाटण्याचा आवाज थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. तो थांबला होता हे मला आठवतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

बाबा स्वतः गाडीत जाऊन बसले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या तळहातावर केसांची एक काळी पिन होती. "सीटच्या रुळावर पुढपर्यंत ताजे ओरखडे हायेत," ते म्हणाले. "तितकी पुढं घेतली तं माझे गुडघे चाकाले लागते. दौलत तर माझ्यापेक्षाही उंच. मंग पुढं कोण बसते?"

दौलतभाऊ आमचा ड्रायव्हर. मी त्याला दौलतभाऊ म्हणायचे. बाबा 'अरे दौलत' म्हणायचे, आणि तो बाबांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा होता. इंदोऱ्याला, दलितांच्या वस्तीत, त्याचं घर होतं. कामाला येताना पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मोजकं. गाडी चालवताना त्यानं कधी हॉर्नवर हात दाबून ठेवलेला मला आठवत नाही. सहा वर्षं तो आमच्याकडं होता आणि सहा वर्षांत बाबांनी त्याला एकदाही काही समोरासमोर विचारलं नव्हतं. जे काही जाणून घ्यायचं ते दुसऱ्याकडून. हे आज लिहिताना मला स्वच्छ दिसतं की आमच्या समाजातला, आमच्या नात्यातला कुणी त्याच्या जागी असता तर बाबांनी त्याच सकाळी त्याला बोलावून विचारलं असतं. दौलतभाऊ इंदोऱ्याचा होता, म्हणून त्याच्याबद्दल आधी ठरलं आणि विचारपूस मागून झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा मला घेऊन चालत वेल्डिंगवाल्याकडं गेले. उस्मानचाचाचं दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. बाबांनी पट्टीची गोष्ट काढली तर चाचा खुशीनंच म्हणाला, "हौ सेठ, मीच जोडली. दौलतभाऊ घेऊन आले होते. चांगलं काम झालं ना?"

"पण काहून जोडली?"

चाचानं एक पाय पुढं टाकून जमिनीवर करूनच दाखवलं. "तुमची गाडी जुनी झाली सेठ. चौकात ब्रेक मारला का तिचा दम जाते, इंजिन बंद. म्हणून पंजा ब्रेकवर ठेवाचा अन् त्याच पायाची टाच तिरपी करून रेसवर. ब्रेकही लागते अन् इंजिनही जित्तं राह्यते. गिअर उतरवतानाबी तसंच. टाचेनं थोडी रेस देल्ली का झटका नाही बसत. मोठ्या पायाच्या माणसाले ते असंच जमते. पाय लहान असला का टाच पोचत नाही, घसरते. मंग अशी पट्टी लावा लागते."

"दौलतचा पाय तर नऊ नंबरचा," बाबा म्हणाले.

"त्याच्यासाठी नाही ना. त्यानं मापाले चप्पल आणली होती. कागदात गुंडाळून." चाचा बोलता बोलता थबकला. आपण जास्त बोललो हे त्याच्या ध्यानात आलं असावं. "लेडीज होती," तो हळूच म्हणाला आणि काचेचा मुखवटा तोंडावर ओढून कामाला लागला.

घरी आईनं आलूभात केला होता. जेवताना बाबांनी तिला सगळं सांगितलं: पट्टी, पिन, चप्पल. "माझ्या गाडीत कोणाले तरी फिरवून राहिला तो," ते म्हणाले. आई वाढत होती. म्हणाली, "असं एकदम नका म्हणू कोणाले. सहा वर्षांत त्यानं काई वावगं केलं का?" बाबा म्हणाले, "केलं असंल तं आपल्याले कसं समजणार?" तिनं पुन्हा भात वाढला. मी तिच्या पायांकडं पाहिलं असतं तर सगळं त्याच क्षणी संपलं असतं. आईची चप्पल दोन नंबरची होती. लहान मुलींच्या रॅकमधून घ्यावी लागे. पण मी बाबांच्या तोंडाकडं पाहत होते. शोध लावायचा तो आम्ही दोघांनी, असं मला वाटत होतं, आणि त्यात एक प्रकारची मजाही होती. ती कबूल केली पाहिजे.

मग मी पाळत ठेवायला लागले. दर गुरुवारी गाडीच्या चाकांना लाल मुरूम लागलेला असतो, हे मला दिसलं. इतवारी ते लकडगंज या रस्त्यात कुठं लाल मुरूम नव्हता. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी बेस्याला प्लॉट घेतला होता आणि ती सांगायची की तिकडं नुसते लाल मुरमाचे रस्ते टाकून ठेवलेत, घर एकही नाही. आज बेस्याला गेलं तर मान वर करून फ्लॅटचे मजले मोजावे लागतात. माझा भाचा तिथंच नवव्या मजल्यावर राहतो. तेव्हा तिथं वाऱ्याशिवाय काही नव्हतं. गुरुवारी दुपारी आई देवळातल्या महिला मंडळात जायची. मी शाळेत असायचे. बाबा दुकानात. त्या गुरुवारी मी शाळेला दांडी मारली आणि सायकल बेस्याच्या दिशेनं मारली.

दीड तास लागला. माळ दिसला, बाभळी दिसल्या, आणि धूळ उडताना दिसली. मी सायकल एका बाभळीला टेकवून तिथंच उभी राहिले. माळावर अंतराअंतरानं विटा उभ्या करून ठेवल्या होत्या. आमची गाडी लांबून यायची, विटेजवळ वेग कमी व्हायचा, इंजिन मध्येच एकदा घुर्र करायचं, गिअर उतरायचा आणि गाडी झटका न खाता विटेला वळसा घालून जायची. पाच-सहा वेळा तेच. दौलतभाऊ गाडीत नव्हताच. तो बराच दूर, उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून उभा होता आणि हातानं खुणा करत होता. एकदा वीट पडली. त्यानं चालत जाऊन ती उभी केली. मग गाडी माझ्या बाजूनं वळली आणि चालवणारी बाई मला दिसली.

आई होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर धूळ. ती हसत होती. तोंड उघडून, दात दिसतील असं, एकटीच. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

आज मी सत्तरीकडं झुकले आहे. त्या वयाच्या मुलीला समोर बसवून विचारावंसं वाटतं की बाई गं, तुझ्या डोळ्यांना काय दिसत होतं? एक बाई गाडी शिकतेय आणि शिकवणारा माणूस पन्नास पावलांवर उभा आहे. पण मी ते पाहिलंच नाही. मी उलटी बाजू शोधत होते. आई खोटं बोलून आली आहे, आई परक्या माणसासोबत आहे, आणि आई हसते आहे, एवढंच मी घेऊन निघाले. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच गणित चालू होतं. आईचं नाव सांगितलं तर घर मोडेल. काहीच नाही सांगितलं तर हे असंच चालत राहील. पण दौलतभाऊ गेला, तर आई राहील आणि सगळं पहिल्यासारखं होईल.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना एकट्यांना गच्चीवर गाठलं. "बेस्याच्या माळावर होती गाडी. मी स्वतः पाह्यली. दौलतभाऊ होता. अन् एक बाई गाडी चालवून राहिली होती."

"कोण बाई?"

"तोंड नाही दिसलं," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी दौलतभाऊ नेहमीसारखा आला. बाबा अंगणातच उभे होते. गल्लीतली माणसं दुकानं उघडायच्या वेळेला येत-जात होती आणि बाबांनी आवाज बारीक केला नाही. "काल बेस्याले कोणाले घेऊन गेला होता गा? माझ्या गाडीत बायका फिरवतो? घरात माझी तरणी पोरगी हाये, काही लाज?"

दौलतभाऊनं बाबांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते. स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते, चार हातांवर. त्यानं तिकडं एकदाही पाहिलं नाही. म्हणाला, "साहेब, मी काई गैर केलं नाही."

"मंग कोण होती ती? नाव सांग."

"नाव नाही सांगत मी."

"नाही सांगत म्हणजेच झालं," बाबा म्हणाले. "चावी ठेव."

मी आत गेले. आई भाकरी थापत होती. तिच्या दोन्ही तळव्यांत भाकरी होती आणि तळवे हलत नव्हते. तव्यावरची भाकरी करपून धूर यायला लागला होता. मी मनात म्हटलं, आता जाईल बाहेर. ती गेली नाही. बाहेर पायरीवर चावी ठेवल्याचा आवाज आला, मग फाटकाचा. त्यानंतर आईनं करपलेली भाकरी उलटवली आणि तिच्याकडं पाहत बसली. मलाही सांगता आलं असतं. दोन पावलं होतं अंगण. आम्ही मायलेकी त्या धुरात बसून राहिलो आणि कोणीच उठलं नाही.

शनिवारी बाबांना दुकानात जायचं होतं. दुसरा ड्रायव्हर अजून मिळाला नव्हता आणि इतवारीच्या गर्दीत स्वतः चालवायला त्यांना नको वाटे. ते रिक्षा आणायला निघाले तर आई आतून आली. पदर खोचलेला. बाबांच्या खिशाला अडकवलेली चावी तिनं काढून घेतली, गाडीत बसली, खालचा दांडा ओढून सीट पुढं सरकवली आणि म्हणाली, "बसा. तूही बस वं."

बाबा उभेच. ती पुन्हा म्हणाली, "ती बाई मी होती. आता बसा."

ते कसे बसले मला माहीत नाही, पण बसले. मी मागं. आईनं गाडी गल्लीतून काढली. इतवारीत तेव्हाही हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं असंच सगळं होतं. बाबांचा एक हात डॅशबोर्डवर आणि दुसरा दाराला घट्ट. चौकात पुढं एक टेम्पो अचानक थांबला. मी पुढं वाकून आईच्या पायाकडं पाहिलं. चप्पल काढून ठेवली होती. अनवाणी पाय, पंजा ब्रेकवर, टाच तिरपी होऊन पट्टीवर. गाडी थांबली, इंजिन घुरघुरत राहिलं, बंद पडलं नाही. बाबाही तिच्या पायाकडंच पाहत होते.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"चार महिने झाले."

"मले काहून नाही सांगतलं?"

"विचारलं होतं तुमाले. तुमी म्हणाले, बाईनं गाडी चालवली तं लोक मले काय म्हणतील." तिनं गिअर टाकला. "दिवाळीत तुमाले छातीत कळ आली. दौलतभाऊ गावाले गेले होते. तुमी पलंगावर घामानं भिजले होते, दारात गाडी उभी होती, अन् मी रस्त्यावर रिक्षाच्या मागं पळून राहिली होती. अर्धा तास. त्या दिवशी मी ठरवलं. दौलतभाऊले मीच म्हटलं, मले शिकवा अन् कोणाले सांगू नका. त्यानं वचन पाळलं. आपण काय पाळलं?"

दुकान आलं, पण आईनं गाडी थांबवली नाही. ती सरळ इंदोऱ्याला गेली.

दौलतभाऊचं घर दोन खोल्यांचं होतं, बाहेर तुळतुळीत सारवलेली ओटी. त्याची बायको निवडायला घेतलेली अंबाडी बाजूला सारून उठली आणि आम्हाला पाहून दारातच उभी राहिली. बसा म्हणाली नाही. दौलतभाऊ बनियनवर होता. तो आत गेला, शर्ट घालून बाहेर आला. बाबा गाडीतून उतरले. चार माणसं पाहत होती. बाबा म्हणाले, "दौलतभाऊ, माझं चुकलं. कामावर या."

सहा वर्षांत ते पहिल्यांदा त्याला भाऊ म्हणाले. माझ्या ऐकण्यात बाबांनी कुणाची माफी मागितली ती तेवढीच.

दौलतभाऊ म्हणाला, "तुमी आले, मानलं मी. पण काम आता नाही होणार साहेब."

"राग धरू नका गा."

"तुमचा राग नाही मले. तुमाले माहीत नव्हतं." तो आईकडं वळला. त्याचा आवाज मुळीच चढला नाही. "बाई, तुमी खिडकीमागंच होत्या, भाकर करपल्याचा वास येत होता. चार हातांवर. मी तुमचं नाव घेतलं नाही, घेणारही नव्हतो. पण मले वाटलं, तुमी तं घेसान."

आई म्हणाली, "खरं हाये. भेली मी."

"भ्या लागतेच माणसाले," तो म्हणाला. "पण गल्लीतून मीच गेलो ना मान खाली घालून."

परत येताना आई रडत गाडी चालवत होती आणि तिचा पाय एकदाही चुकला नाही.

पुढं दौलतभाऊला एका शाळेच्या बसवर काम मिळालं. आमच्याकडं दुसरा ड्रायव्हर कधी आला नाही. आई गाडी चालवायची, बाबा डाव्या बाजूला बसायचे आणि काही वर्षांनी दाराला धरणंही त्यांनी सोडून दिलं. गल्लीतल्या लोकांना बाबांनी स्वतः सांगितलं की चूक माझी होती, दौलतची नव्हती. हे सगळं चांगलंच झालं. पण त्यात माझा भाग कुठंच नव्हता. घरात सगळे असंच समजत होते की मला खरोखर तोंड दिसलं नव्हतं. आईनं विचारलं नाही. तिनं एकदा जरी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत राहिले.

परीक्षा संपल्यावर एका सकाळी मी एकटी इंदोऱ्याला गेले. दौलतभाऊ ओटीवर बसून दाढी करत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं की बाबांना बेस्याचं मी सांगितलं होतं. तो म्हणाला, "माहीत हाये मले. तुझी सायकल दिसली होती बाभळीपाशी." मग मी दुसरं सांगितलं. म्हटलं, "दौलतभाऊ, मले तोंड दिसलं होतं. आई हाये हे मले माहीत होतं. तरी मी बाबाले बाई म्हटलं."

त्याचा वस्तरा गालावरच थांबला. त्यानं आरसा खाली ठेवला. अर्ध्या तोंडावर फेस तसाच होता. आतून त्याच्या बायकोनं विचारलं, कोण आलं म्हणून. त्यानं मला जे विचारलं ते इतक्या हळू विचारलं की आत ऐकू गेलं नसणार.

"तुले काय वाटलं होतं, बेटा? तुह्या मायबद्दल अन् माह्याबद्दल?"

मी मान खाली घातली. काय वाटलं होतं ते मला नीट माहीत होतं, आणि त्यालाही ते कळलं होतं. तरी त्यानं थांबून वाट पाहिली. शेवटी त्यानं आरसा उचलला आणि म्हणाला, "जा घरी. ऊन चढून राहिलं."

आई गेली, बाबा गेले, दौलतभाऊ जाऊनही आता वीस वर्षं होतील. या प्रश्नाचं उत्तर मी आजवर कोणाला तोंडानं दिलं नाही. आज पहिल्यांदाच कागदावर मांडते आहे: त्या माळावर मला वाटलं होतं की आईचं आणि दौलतभाऊचं काहीतरी आहे.